वास्ते, तामा आणि परक्या गावातलं हॉटेल

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठाला वूलिच आणि प्लमस्टेड अशी दोन लागून असलेली उपनगरं आहेत. माझा भाचा तिथं नोकरीनिमित्त राहतो. त्याच्याकडे गेलो असताना एका रविवारी दुपारी तो म्हणाला, “मामा, चला, आज भात खाऊ. चार दिवस झाले, तुमाले भात नाई भेटला.” पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, हे तो तिथं राहूनही विसरला नव्हता.

त्यानं मला एका नेपाळी खानावळीत नेलं. आठ-दहा टेबलं, भिंतीवर माछापुच्छ्रे शिखराचा फोटो, गल्ल्याजवळ बुद्धाची लहानशी मूर्ती. एका टेबलाशी ढाका टोप्या घातलेली तीन म्हातारी माणसं चहा पीत बसली होती. भिंतीवरच्या फळ्यावर पदार्थांची नावं इंग्रजीत होती आणि खाली देवनागरीतही. इतक्या दूर आपली अक्षरं भेटल्यावर मी ती पोरासारखी मोठ्यानं वाचू लागलो. दाल, भात, तरकारी, गुन्द्रुक, अचार, भटमास, आलु तामा.

‘तामा’ म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. वाटी समोर आली, आणि चमचा बुडवण्याआधीच वास आला. आषाढात आमच्या गावच्या घरात, चुलीजवळ, ओल्या अंगणापर्यंत पोचणारा तो आंबूस, कोवळा, जंगलाचा वास. बटाट्याच्या फोडी आणि चवळीचे दाणे यांच्यामध्ये बांबूच्या कोवळ्या कोंबाचे तुकडे होते. चवळीला आम्ही बरबटी म्हणतो, आणि या कोंबांना वास्ते. मी गडचिरोली जिल्ह्यात जन्मलो, चंद्रपुरात नोकरी केली, दोन्ही जिल्ह्यांतल्या बहुतेक सगळ्या तालुक्यांत हॉटेलात जेवलो. पण हॉटेलच्या टेबलावर वास्त्याची भाजी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली ती लंडनमध्ये, नेपाळी माणसाच्या हातची.

खानावळीची मालकीण भात वाढायला आली. सगळे तिला ‘दिदी’ म्हणत होते, मीही म्हणालो. आमच्याकडेही ही भाजी करतात, हे हिंदीत सांगितल्यावर ती फार खूश झाली. “आपके यहाँ होटल में कैसे बनाते हैं? खट्टा करके, या ताज़ा?”

घरी कशी करतात ते मी सांगू शकलो असतो. हॉटेलात कशी करतात, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो प्रश्न मी परत घेऊन आलो आणि गेलं वर्षभर त्याच्यामागे फिरतो आहे.

हॉटेल कोण काढतं?

वूलिच-प्लमस्टेडला नेपाळी माणूस का आहे? इंग्रज आणि नेपाळ यांच्यात १८१४ ते १८१६ असं युद्ध झालं. ते चालू असतानाच, १८१५ पासून, इंग्रजांनी गुरख्यांना पलटणीत घ्यायला सुरुवात केली. १९४७ मध्ये गुरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. दहापैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनसाठी लढलेल्या या माणसांना निवृत्तीनंतर ब्रिटनमध्ये राहायचा हक्क मात्र नव्हता. १९९७ नंतर निवृत्त झालेल्यांना तो २००४ मध्ये मिळाला. आधीच्यांसाठी मोठी चळवळ झाली, अभिनेत्री जोआना लम्ली त्यात पुढे होत्या, आणि २००९ मध्ये सरकारला तो हक्क त्यांनाही द्यावा लागला. म्हातारे शिपाई आणि त्यांच्या बायका पोखऱ्याजवळची डोंगरातली गावं सोडून लंडनच्या थंडीत आल्या. माणसं आली की मागोमाग त्यांचा भात येतो. ढाका टोपीतले ते तिघं जिथं बसले होते, ते हॉटेल असं उभं राहिलं.

नेपाळमधल्या हॉटेलाचीही एक गोष्ट आहे, आणि तिच्यात आपल्याला घेण्यासारखं पुष्कळ आहे. जगभरच्या नेपाळी खानावळींत ‘ठकाली खाना’ हा मानाचा शब्द. ठकाली ही कालीगंडकीच्या खोऱ्यातली, मुस्तांग भागातली छोटी जमात. तिबेटचं मीठ खाली आणि खालचं धान्य वर, असा व्यापार त्यांच्या वाटेवरून चाले. वाटसरूंसाठी ठकाली बाया घरातच भट्टी चालवत. भट्टी म्हणजे मुक्कामाची आणि जेवणाची जागा. भात, काळ्या उडदाची डाळ, तिला जिंबू या सुक्या पातीची फोडणी, ढिंडो म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, हिरवी भाजी, गुन्द्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, टिमुर घातलेलं अचार. टिमुर हा कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद. १९५९ नंतर तिबेटची सीमा बंद झाली, मिठाचा व्यापार बसला आणि ठकाली लोक पोखरा, भैरहवा, काठमांडू इकडे उतरले. व्यापार गेला, पण पाहुण्याला जेवू घालायची रीत हाताशी होती. तिच्यावर ते उभे राहिले.

याच नेपाळात जंगबहादुर राणाच्या काळात, १८५४ मध्ये, ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायदा झाला होता. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, हे त्यात जातवार लिहिलेलं होतं. ठकाल्यांसारख्या डोंगरी जमातींना त्यात ‘मतवाली’, म्हणजे दारू पिणारे, अशी खालची पायरी दिली होती. आज त्याच ठकाल्यांच्या ताटाला देशाचं ताट म्हणून मान आहे. एका जमातीचं अन्न खालच्या पायरीवरून मानाच्या पाटावर येऊ शकतं, हे मला त्या वाटीतल्या तामापेक्षाही मोठं वाटलं.

म्हणजे हॉटेल निघायला दोन गोष्टी लागतात. एक, कोणीतरी घर सोडून दुसरीकडे जावं लागतं, कारण घरी असलेला माणूस आपल्या जेवणासाठी हॉटेल शोधत नाही. दुसरी, शेजाऱ्यानं त्याच्या हातचं खावं लागतं. पहिली गोष्ट पोटातून येते, दुसरी समाजातून. हे सूत्र घेऊन मी परत चंद्रपुरात उतरलो आणि आपल्या गावाकडे नव्यानं पाहिलं.

चंद्रपुरात कोणाकोणाचं ताट

बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ मध्ये स्थापन झाला. कोळशाच्या खाणी त्याच्याही आधीपासून. नंतर भद्रावतीला आयुधनिर्माणी आली, दुर्गापूरला महाऔष्णिक वीजकेंद्र आलं, सिमेंटचे कारखाने आले. कामाला माणसं आली ती उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, आंध्र, केरळ अशा सगळीकडून. त्यामुळे चंद्रपूर-बल्लारपूरच्या रस्त्यावर तुम्हाला पंजाबी ढाबा मिळतो, तेलुगू माणसाची इडली मिळते, बिहारी माणसाचा लिट्टी-चोखा मिळतो. नागपूरहून आलेली सावजी खानावळ आहेच. गेल्या काही वर्षांत संध्याकाळच्या गाड्यांवर मोमोही आले. कोबी किंवा सोयाबीनच्या वड्यांचं सारण, लाल चटणी, आणि भोवती शिकवणीहून सुटलेल्या पोरापोरींचा घोळका. ‘मोमो’ हा शब्द तिबेटी. ल्हासाला व्यापाराला जाणाऱ्या नेवारी लोकांबरोबर तो पदार्थ काठमांडूच्या खोऱ्यात रुजला आणि तिथून जगभर गेला, असं मानतात.

तिबेटी माणूस आमच्यापासून दूर नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या वडसा-देसाईगंजहून थोडं वर गेलं की गोंदिया जिल्ह्याचा अर्जुनी मोरगाव तालुका लागतो. तिथं प्रतापगडच्या पायथ्याकडे, गोठणगावजवळ, नोरग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. धानाच्या बांध्यांमध्ये बौद्ध प्रार्थनेच्या रंगीत पताका फडकताना पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी गाडी थांबवून उभा राहिलो होतो. हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी स्वेटरांची दुकानं मांडणारे तिबेटी आपण वर्षानुवर्षं पाहतो. स्वेटर घेतो, भाव करतो. पण त्यांच्या वस्तीत जाऊन गरम थुक्प्याचा, शेवयांच्या सुपाचा, वाडगा हातात घेईपर्यंत ही माणसं कुठून, कशी आणि का आली हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. जेवायला बसल्यावर माणूस आपसूक विचारतो, तुमचं गाव कोणतं?

खाली सिरोंच्याला, प्राणहितेच्या काठी, अर्धं ताट तेलुगू होतं. कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी बोली आणि छत्तीसगढी भाकर. गडचिरोली जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, हिंदी आणि बंगाली अशा सात भाषा बोलल्या जातात. यातली बंगाली ऐकून बाहेरचा माणूस चमकतो. आमच्या हॉटेलांची खरी गोष्ट तिथंच आहे.

बंगाली कॅम्प

चंद्रपुरात मूल रोडला ‘बंगाली कॅम्प’ हा चौक आहे. रोज हजारो माणसं तिथून जातात आणि ‘कॅम्प’ हा शब्द उच्चारतात. तो कसला कॅम्प, हे नव्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून हिंदू निर्वासितांचे लोंढे अनेक वर्षं येत राहिले. त्यांना वसवण्यासाठी केंद्र सरकारनं १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला, तो ओडिशाचे कोरापूट-कालाहांडी आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातला बस्तर या भागात. १९६० च्या दशकापासून निर्वासित कुटुंबं लगतच्या चांदा, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर, जिल्ह्यातही वसवली गेली. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आजच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली गावंच्या गावं आहेत. पद्मेच्या आणि मेघनेच्या पाण्यात वाढलेल्या माणसांना सागाच्या आणि बांबूच्या जंगलात जमिनी मिळाल्या. त्यांनी तळी खोदली, त्यात रोहू, कतला, मिरगल सोडले, धान लावलं, भाजीपाला पिकवला. आठवडी बाजारात भाजीचे आणि मासळीचे ढीग घेऊन बसलेला बंगाली माणूस हे आता आमच्याकडचं रोजचं दृश्य आहे.

घोटहून मुलचेऱ्याकडे जाताना एका गावात मी अधूनमधून जेवायला थांबतो. पत्र्याचं छप्पर, बाहेर मातीच्या ओट्यावर बाकडं. सकाळी ‘शिंगाडा’ मिळतो. आपण म्हणतो तो शिंगाडा नव्हे, फ्लॉवर-बटाट्याचा बंगाली समोसा. दुपारी भात, मसूर डाळ आणि मोहरी वाटून केलेला मासा. काचेच्या कपाटात रसगुल्ले, संदेश. चालवणाऱ्या बाई माझ्याशी मराठीत बोलतात, सुनेशी बंगालीत, आणि गिऱ्हाईक माडिया असेल तर दोन शब्द त्याच्या बोलीतले. ताटातला भात संपत आला की पातेलं घेऊन उभ्या राहतात. “दादा, आर एकटू?” दादा, अजून थोडा? लंडनची दिदी भाताचं भांडं घेऊन आली होती तेव्हा ‘थप’ म्हणाली होती. तोही तोच प्रश्न. आमच्या घरी आई पाहुण्याला म्हणायची, “घ्या ना जी अजून.”

एकदा मी त्यांना विचारलं, रसगुल्ला आणि मासा विकता, पण तुमच्या घरी आज काय शिजलं? त्या जरा लाजल्या. मग आतून एक वाटी आणली. सुक्या मासळीचं तिखट कालवण होतं. शुटकी. वास उग्र, म्हणून हॉटेलात ठेवत नाहीत. गिऱ्हाईक उठून जाईल ही धास्ती. अळूचे देठ, केळफुलाची भाजी, रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी खायचा पांता भात, हेही सगळं घरातच. मी ती शुटकी भाताशी कालवून खाल्ली. आमच्याकडेही पावसाळ्यात सुकी मासळी होते, आमचीही मेहनतीची माणसं रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खातात. बाईंना ते सांगितलं. त्यानंतर मी गेलो की त्या आधी आतलं विचारतात, मग बाहेरचं.

दुसऱ्याच्या हॉटेलात बाहेरच्या कपाटात ठेवलेलं खाऊन आपण त्यांचं जेवण खाल्लं असं समजतो. खरं जेवण आत शिजत असतं. ते बाहेर यायला भरवसा लागतो, आणि तो गिऱ्हाईकानं द्यायचा असतो.

संविधानातलं हॉटेल

या निर्वासितांचा मोठा भाग नामशूद्र समाजाचा. बंगालमध्ये ज्यांना अस्पृश्य मानलं गेलं, त्यातला हा शेती आणि मासेमारी करणारा कष्टाळू समाज. हरिचंद ठाकूर यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात मतुआ पंथ सुरू केला, त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांनी शिक्षणाचा आग्रह धरला.

या समाजाचं एक ऋण महाराष्ट्रावर आहे आणि ते आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. १९४६ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली तेव्हा मुंबई प्रांतातून बाबासाहेब आंबेडकरांना निवडून येणं अशक्य झालं होतं. ते निवडून आले बंगालमधून, आणि त्यासाठी झटले ते योगेंद्रनाथ मंडल, याच नामशूद्र समाजाचे नेते. फाळणीनं ती जागा गेली, मग १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा सभेत आले. पण सभेचा पहिला दरवाजा उघडून दिला तो बंगालच्या दलितांनी. ज्यांनी तो उघडला त्या समाजाची माणसं आज आमच्या जंगलात मासे पाळतात आणि रसगुल्ले करतात. पश्चिम बंगालमध्ये त्यांना अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र मिळतं. महाराष्ट्राच्या यादीत नामशूद्र नाही, म्हणून इथं मिळत नाही. ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आहेत आणि ती मला न्याय्य वाटते.

आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात ‘हॉटेल’ हा शब्द आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं. देशाच्या मूळ कायद्यात चहाच्या हॉटेलाची दखल घ्यावी लागली, कारण त्या दारातच माणसाचा सर्वांत जास्त अपमान होत होता. वेगळी कपबशी, बाहेरचा ओटा, वरून ओतलेलं पाणी हे ज्यांनी सोसलं त्यांची मुलं आजही आपल्यात आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाल्यावर बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला इथं लाखोंच्या समुदायाला त्यांनी धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्या सोहळ्यामागे मोठा वाटा होता. इथून पुढे बाबासाहेबांचा मोठा प्रवास झाला तो नेपाळचा. जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते काठमांडूला गेले आणि २० नोव्हेंबरला ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलले. त्या वेळी नेपाळात पाणी चालणं-न चालणं लिहिलेल्या जुन्या मुलुकी ऐनाचाच अंमल होता. तो १९६३ च्या नव्या ऐनानं संपला. परिषदेनंतर साधारण पंधरवड्यानं, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दर ऑक्टोबरात माणसांचा सागर जमतो. तिथले कितीतरी लोक आयुष्यात एकदा लुंबिनीला जाऊन येतात. नेपाळ आमच्यासाठी परदेश असला तरी परका नाही, तो या वाटेनं.

कायद्यानं जेवणाऱ्याला हॉटेलात शिरायचा हक्क दिला. हॉटेल चालवणाऱ्याच्या हातचं शेजाऱ्यानं खावं, हे मात्र कोणत्याही कायद्याला करता येत नाही. गावात दलित माणसानं चहाची टपरी टाकली तर तिथं कोण थांबतं आणि कोण पुढच्या टपरीवर जातं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. बंगाली माणूस इथं आला तेव्हा त्याच्या जातीची पायरी इथल्या माणसाला माहीत नव्हती. तो ‘बंगाली’ म्हणून आला आणि त्याच्या रसगुल्ल्यापुढे सगळे रांगेत उभे राहिले. नेपाळी माणूस लंडनला गेला तेव्हा तेच झालं. दूर गेल्यानं पायरी पुसली जाते. जो आपल्याच गावात राहिला, त्याची पायरी सगळ्यांना पाठ असते.

आमचं हॉटेल का नाही?

आता दिदीच्या प्रश्नाचं उत्तर जवळ आलं. वास्ते हे जंगलातल्या माणसाचं अन्न. गोंड, माडिया, ढिवर, दलित आणि धानाच्या बांधीत राबणारा कुणबी, सगळ्यांच्या घरी ते होतं. पण हॉटेलात बसणाऱ्याच्या मनात ते ‘जंगली’ ठरलं. तीच गत आंबिलीची, लाखोळीच्या डाळीची, मोहफुलांच्या पदार्थांची, रानभाज्यांची. ताडोब्याला वाघ पाहायला देशभरचे लोक येतात आणि जंगलाच्या दाराशी बसून पनीर खाऊन जातात. त्यांना जंगल दाखवतो, जंगलाचं ताट दाखवत नाही.

दुसरं कारण बांबूचंच आहे. आमचा बांबू घराबाहेर गेला, पण भाजी होऊन गेला नाही. तो बल्लारपूरला कागद व्हायला गेला. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कारखान्याला ठेक्यानं तोडायला मिळे, आणि त्याच जंगलात राहणाऱ्याला घरासाठी चार बांबू तोडायला भीती वाटे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावानं, देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी, त्याविरुद्ध शांतपणे झगडा दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू हे गौण वनोपज ठरलं, २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. ज्याचं जंगल त्यालाच बांबूचा भाव मिळायला स्वातंत्र्यानंतर साठ वर्षांवर काळ लागला. हॉटेल ही त्याच्या पुढची गोष्ट.

तांदळाचंही असंच. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षं निवडून त्यांचं वाण केलं. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडलं. आज हॉटेलात पांढरा, बारीक, मोकळा भात समोर आला की तो पुष्कळदा एचएमटी असतो. दीड एकराचे धनी असलेले दादाजी २०१८ मध्ये गेले, ते अखेरपर्यंत तंगीतच. त्यांचा तांदूळ देशभर पोचला. त्यांच्या गावच्या रांधणाऱ्या बाईचा हात कुठं पोचला नाही.

आणि आमची माणसं गाव सोडत नाहीत असंही नाही. धान निघालं की गडचिरोली-चंद्रपूरची हजारो माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. बरोबर तांदळाचं गाठोडं, पातेलं, ताडपत्री. शेताच्या कडेला तीन दगडांची चूल. उन्हाळ्यात परत. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसं पोरंबाळं घेऊन पायी परत आली. हेही घर सोडणंच आहे, पण यात हॉटेल निघत नाही. हॉटेलाला एका जागी दोन-चार वर्षं टिकता यावं लागतं, थोडं भांडवल लागतं, शेजारी लागतो. तीन महिन्यांच्या चुलीला शेजारी नसतो.

मला वाटतं, आता ते हॉटेल गावातच निघायला हवं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात, वडशाच्या नाटक मंडळ्या होळीपर्यंत गावं पालथी घालतात. बाहेर गेलेली लेकरं, लेकी-जावई सगळे घरी येतात. म्हणजे ज्यांना घरच्या चवीची भूक आहे ती माणसं वर्षातून एकदा आमच्याच अंगणात असतात. तिथं चहा, भजी, चिवडा आणि अलीकडे मोमो मिळतात. बचत गटाच्या बायांनी एक चूल मांडून वाळवलेल्या वास्त्याची भाजी, लाखोळीची डाळ, भात आणि जवसाची चटणी वाढली, तर पहिलं गिऱ्हाईक मी. ताडोब्याच्या दारांवर, जिल्ह्याच्या बसस्थानकांवर, सरकारी कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत अशी चूल असावी. ठकाली बायांनी वाटसरूंसाठी मांडली होती तशी.

बाजारातला ढीग

या आषाढात मी गडचिरोलीच्या बाजारात गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. एक म्हातारी पोत्यावर वास्ते मांडून बसली होती. वरची सालं सोललेली, आतला पांढरा-पिवळा कोंब विळीवर बारीक चिरलेला. मी वाकून विचारलं तशी तिनं मला खालपासून वर पाहिलं.

“तुमाले साफ करता येते का? पाणी फेकून द्या लागते जी, नाई तं कडू होते.”

“माहीत आहे, मावशी. आई करत होती.” कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. उकळून ते पाणी फेकलं की तो जातो, हे शास्त्र आमच्या बायांनी कधीच हातात घेतलेलं आहे.

तिनं मापानं वास्ते पिशवीत टाकले. मी म्हटलं, “मावशी, ही भाजी हॉटेलात का नाही मिळत?”

“हॉटेलात कोन खाते जी हे!” ती हसली. “हे आपलं गरिबाचं खाणं.”

“मी खाल्ली. लंडनला. नेपाळी बाईच्या हॉटेलात.”

“कितीले देल्ली?”

“एक वाटी साडेआठशे रुपये.”

तिचं हसू थांबलं. मी थट्टा करत नाही हे तिनं चेहऱ्यावरून ताडलं असावं. तिनं समोरच्या ढिगाकडे पाहिलं, त्यावर बसलेली माशी हातानं उडवली, पोत्याची कड नीट केली. मग ढिगातून अजून एक ओंजळ उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली.

“घ्या ना जी अजून,” ती म्हणाली.